ग्रंथालयाची वायर

माझी बायको अयोध्या गेली त्या दिवशी कॉलेजचं नेट बंद नव्हतं. प्रिंटर बंद होता. पण आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क दयानंदराव यांना काहीही बंद पडलं तरी नेटच बंद पडलंय असं वाटतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी उमरीला एका कापड दुकानात शिडीवर होतो. तोंडात स्क्रू होते.

"रामलिंगअप्पा, मॅडम फोन उचलून न्हाई राहिल्या. आज येणार हायत का न्हाईत? इथं नेट बंद हाय."

स्क्रू हातात घेऊन मी म्हणालो, "नऊलाच निघाली की घरून."

"न्हाई पोचल्या. साडेअकरा झाले. जरा बघा बरं, माझ्या मार्कलिस्टा अडकल्यात."

मी शिडीवरूनच बायकोला फोन लावला. पहिल्यांदा नुसता वाजला. दुसऱ्यांदा एका अनोळखी बाईनं उचलला आणि विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" रिक्षात चक्कर येऊन पडल्या, रिक्षावाल्यानंच दवाखान्यात आणलं, फोनला लॉक होतं म्हणून घरच्यांना कळवता आलं नाही, असं ती नर्स म्हणाली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. उमरीहून नांदेडला मोटारसायकलवर मला सव्वा तास लागला. तोपर्यंत सगळं संपलं होतं. त्या सव्वा तासात दयानंदरावांचे तीन फोन येऊन गेले. चौथा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उचलला.

"मिळाल्या का मॅडम?"

"मिळाली," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

मी वायरमन आहे. बावीस वर्षं झाली. अयोध्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला प्रयोगशाळा सहायक होती. कॉलेज ज्या संस्थेचं आहे तिची कचेरी लातूरला. नांदेडची शाखा म्हणजे त्यांच्या लेखी लांबची सोयरीक, कार्यापुरती आठवण येते. अकरा वर्षांपूर्वी कॉलेजात एकच वायर होती, प्राचार्यांच्या टेबलापर्यंत. पुढचं सगळं अयोध्यानं उभं केलं. दोन लॅब, ऑफिस, परीक्षा विभाग, स्टाफरूम, कॅमेरे. वायरी मी ओढल्या, रविवारी रविवारी, संस्थेचा रोजंदारीवरचा वायरमन म्हणून. भिंतीतलं मला माहीत होतं आणि वायरीतलं तिला. ती घरी येऊन सांगायची तेव्हा मी मान हलवायचो. ऐकत नव्हतो. हे आता सांगून टाकलेलं बरं.

सगळ्या वायरी लॅबच्या कोपऱ्यातल्या एका लोखंडी कपाटात येतात. त्याला रॅक म्हणतात. त्यात एक चपटा डबा आहे, स्विच. स्विचला चोवीस भोकं आणि प्रत्येक भोकावर बारका दिवा. कुठली वायर कुठल्या खोलीची हे कळावं म्हणून अयोध्यानं आधी कागदाची लेबलं लावली होती. एका उन्हाळ्यात सगळी गळाली. मग तिनं टिकल्या लावल्या आणि वरून पारदर्शक टेप. ऑफिसला लाल, पहिल्या लॅबला हिरवी, परीक्षा विभागाला काळी, असं. मी हसलो होतो. ती म्हणाली, "हसा. टिकलीचं पाकीट कोणत्याबी दुकानात मिळतं. तुमचं लेबल मिळतं का नांदेडात?"

जूनमध्ये कॉलेजच्या ग्रंथालयाला चार कॉम्प्युटर आले. रॅकपासून ग्रंथालयापर्यंत व्हरांड्यातून पाइप टाकून वायर न्यायची होती. एका रविवारचं काम. तिनं तिच्या वाटचं लगेच केलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून हातभर निळ्या वायरीला दोन्हीकडं प्लग बसवले, टेस्टरवर आठही दिवे लागतात का बघितलं, आणि म्हणाली, "ही रॅकमध्ये ठेवून देते. तुम्ही लांब वायर ओढली की ती रॅकजवळच्या भिंतीवरच्या डबीत येईल. डबीतून स्विचमध्ये ही जोडायची. झालं."

जुलैमध्ये तिनं मला चार वेळा आठवण केली. एका रविवारी पाऊस होता. एका रविवारी हिमायतनगरचं काम होतं. एका रविवारी साडूकडं गेलो. एका रविवारी काहीच नव्हतं, मी झोपलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

मातीला सगळं कॉलेज आलं होतं. तरीही दिवस झाल्यावर तिच्या नंबरवर फोन सुरू झाले. तिचा फोन माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात असायचा. त्याचं लॉक मला माहीत नाही, पण आलेला फोन उचलायला लॉक लागत नाही. मुलगी ऋतुजा पुण्याला नोकरीला आहे. ती म्हणाली, "बाबा, आईचा फोन बंद करून टाका." मी म्हणालो, बँकेचे मेसेज येतात. तेही खरं होतं.

"मॅडम, वायफाय लागून न्हाई राहिलं."

"मॅडम न्हाईत."

"कधी येतील?"

"येणार न्हाईत."

"मग उद्या लावू का फोन?"

अशी माणसं. बरं, हे सगळे शिकवणारे. कुणी पासवर्ड विसरायचं आणि मला विचारायचं, जसा काही मी तो घरी फडताळात ठेवलाय. कुणाचा कॉम्प्युटर सुरू होत नसायचा, मी जायचो, तर बटण भिंतीवर बंद. परीक्षा विभागात एकांनी यूपीएसच्या सॉकेटला मच्छर मारायची बॅट लावली होती आणि कॉम्प्युटर साध्या सॉकेटला. मी विचारलं, हे कामून असं? तर म्हणाले, लाइट गेली की मच्छर जास्त असतात.

दयानंदरावांचं वेगळंच. त्यांना मुख्य राउटरचा पासवर्ड हवा होता.

"अप्पा, घरी काही बोलल्या असतील की मॅडम."

"घरी ती भाजीचं बोलायची."

"आठवून तर बघा."

"दयानंदराव, मला सांगितला असता तर मी विसरलो असतो. म्हणून तिनं सांगितला न्हाई."

असं करत करत दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडं हत्याराची पूजा असते. मी दरवर्षी दुकानात पाटावर ड्रिल, पक्कड, टेस्टर मांडतो. यंदा घरात सण नव्हता म्हणून मांडलं नाही, आणि कॉलेजातही गेलो नाही. कॉलेजात कॉम्प्युटर, झेरॉक्स, प्राचार्यांची गाडी, सगळ्यांची पूजा होते. रॅकची पूजा अयोध्या स्वतः करायची. हळदी-कुंकू दाराला बाहेरून, हार कपाटाच्या डोक्यावर, नारळ व्हरांड्यात. कुणी नारळ घेऊन आत आलं की तिथूनच ओरडायची, "पाणी देवाला चालतं, स्विचला न्हाई चालत!"

सुट्ट्या संपून कॉलेज उघडलं त्या दिवशी सव्वादहाला तिचा फोन वाजला. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचा तो शेवटचा आठवडा होता.

"अप्पा, नेट बंद हाय."

"प्रिंटर चालू हाय का?"

"काहीच चालू न्हाई. या लवकर. पोरं दारात उभी हायत."

या वेळी दयानंदराव खरं बोलत होते. नेट नव्हतं, प्रिंटर नव्हता, कॅमेरे नव्हते. एका खोलीतला कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतल्याला दिसत नव्हता. मी रॅक उघडला. आतून इतका स्वच्छ मी तो कधीच बघितला नव्हता. दाराला आतून कुंकवाचं स्वस्तिक. झेंडूचा हार आत, पंख्याच्या तोंडावर. वायरी लाल नाड्यानं गच्च बांधून त्याची जुडी केलेली. आणि एकाही वायरीवर टिकली नाही.

हार काढला. वाटलं गरम होऊन बंद पडलं असेल. स्विच बंद करून चालू केला. दहा-पंधरा सेकंद सगळं नीट चाललं, ऑफिसातून कुणीतरी "आलं आलं" म्हणून ओरडलं, आणि मग स्विचवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. एरवी ते आपापल्या वेळेनं लुकलुकतात. हे एका दमात, अंगात आल्यासारखे. नेट गेलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा पंधरा सेकंद. मी हे किती वेळा केलं याचा हिशेब नाही. दर वेळी ऑफिसातून "आलं" आणि लगेच "गेलं". शेवटी मी तिकडं जाऊन सांगितलं, आता काहीही आलं-गेलं तरी कुणी तोंड उघडू नका.

मग मी वायरी तपासायला घेतल्या. एकूण सतरा. प्रत्येक खोलीत जायचं, तिथून वायर काढायची, रॅकपाशी येऊन दिवे बघायचे, परत जाऊन लावायची. दोन दिवस मी जिना चढत-उतरत होतो. रॅकमधल्या वायरी मात्र मी हलवल्या नाहीत. टिकल्या नव्हत्या. कुठली वायर कुठल्या भोकातली हे तिला माहीत होतं, मला नाही. तिनं बसवलेलं आपल्या हातानं मोडायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. दिवे तसेच लुकलुकत राहिले.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी एका कंपनीचा माणूस बोलावला. तो दहा मिनिटं रॅकसमोर उभा राहिला. त्यानंही बंद-चालू केलं. मग म्हणाला, "डिझाइन जुनं आहे. ज्यांनी केलं त्यांना पुढचा विचार नव्हता. सगळं बदलावं लागेल." त्याच्या बॅगेत छापील कागद तयार होता. मला त्यातलं येत नाही. पण तो रॅकमध्ये न वाकता बोलला, एवढं मी बघितलं.

त्याचं ऐकून प्राचार्यांनी लातूरला कळवलं. दोन दिवसांत लातूरचं पत्र आलं. दयानंदरावांनी मला ते केबिनमध्ये बोलावून दाखवलं, माणूस म्हणून. पत्रात होतं की दिवंगत कर्मचारी श्रीमती अयोध्या यांनी केलेली जोडणी सदोष असल्याचे व मुख्य पासवर्ड त्यांनी कार्यालयाकडे दिला नसल्याचे निदर्शनास आले आहे, तरी अहवाल पाठवून तशी नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घ्यावी.

मी ते दोनदा वाचलं.

"मेलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात कामून?"

"फाइल पुरी करावी लागती ना अप्पा. सगळं बदलायचं तर कारण दाखवावं लागतं. कारण दाखवायचं तर कुणाचं तरी नाव लागतं."

"ती हाय का उत्तर द्यायला?"

"म्हणून तर," दयानंदराव म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं. "मॅडमला आता काय फरक पडणार हाय?"

"मला पडतो," मी म्हणालो. "अहवाल दोन दिवस थांबवा."

"दोन म्हणजे दोनच. तिसऱ्या दिवशी मला पाठवावाच लागंल."

अयोध्याच्या सेवापुस्तकात अकरा वर्षांत एक लाल ओळ नव्हती. ती वर्षातून एकदा ते मागून बघायची, रजा बरोबर मांडल्यात का म्हणून, आणि घरी येऊन सांगायची, "बघा, कोरं करकरीत." मी मान हलवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक स्टँडवर बस अशी थांबत होती जणू तिलाही तिथं फाइल पुरी करायची होती. संस्थेच्या कचेरीत गेलो तर साहेब बैठकीला. कधी येतील? सांगता येत नाही. तिथं धम्मप्रिया भेटली. ही नांदेडलाच अयोध्याच्या हाताखाली शिकली, आता संस्थेचे कॉम्प्युटर बघते. मला बघून उभी राहिली.

"काका, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा."

"फोनवर लोक ऐकून न्हाई राहिले, बाई."

मी पत्राचं सांगितलं. तिला माहीत होतं. ती कपाटातून एक फाइल घेऊन आली आणि तीन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. अयोध्याचे अर्ज. तीन वर्षांत तीन. जुना स्विच बदलून चांगला द्यावा, वायर चुकीची लागली तर नवा स्विच तेवढीच भोकं बंद करतो, बाकीचं कॉलेज चालू राहतं, असं तिच्या अक्षरात लिहिलं होतं. तिन्हींवर इथल्याच कुणाचा तरी शेरा. तूर्त गरज नाही.

"सदोष म्हणतात," धम्मप्रिया म्हणाली. "आणि पासवर्डचं काय हो? मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं, मुख्य पासवर्ड बंद पाकिटात घालून, जोडावर सही करून, साहेबांच्या कपाटात ठेवायचा आणि आवक रजिस्टरला नोंद करायची. त्या स्वतः नाही करणार?"

"दयानंदराव तर म्हणतात पाकीट न्हाई."

"रजिस्टर बघितलं का त्यांनी?"

रजिस्टर दयानंदरावांनीच लिहिलेलं असतं. ते बघायचं त्यांना सुचलं नसणार.

तिनं चहा सांगितला आणि विचारलं, "दिवे कसे लागतात?" मी सांगितलं. सगळे एकदम, अंगात आल्यासारखे.

ती हसलीच. "काका, लूप आहे. एखाद्या वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात लागलीत. तिथून निघालेलं तिथंच परत येतं, पुन्हा निघतं, पुन्हा येतं. तेच ते इतकं वाढतं की बाकी कुणाला बोलायला जागाच राहत नाही."

"शक्य न्हाई. एकूण एक वायर माझ्या हातची हाय. एक टोक खोलीत, एक रॅकमध्ये. सतराच्या सतरा तपासल्या."

"तुम्ही ओढलेल्या तपासल्या," धम्मप्रिया म्हणाली. "न ओढलेली कुठली आहे का?"

चहा आला होता. मी तो प्यालो. कपबशी खाली ठेवली आणि निघालो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

कॉलेजात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. लॅबमध्ये नीलाबाई झाडू मारत होत्या. नीलाबाई कंत्राटी शिपाई. वयानं अयोध्यापेक्षा मोठ्या, तरी तिला अक्का म्हणायच्या, आणि त्या नात्यानं मी दाजी. मी रॅक उघडला आणि पक्कडीनं लाल नाडा कापला. जुडी सुटली. आतमध्ये, सगळ्या वायरींच्या पोटात, ती निळी हातभर वायर होती. तिची दोन्ही टोकं स्विचच्या शेवटच्या दोन भोकांत होती. इतकी नीट बसवलेली, की मुद्दाम केल्यासारखी.

मी एक टोक काढलं. दिवे थांबले. मग एक लुकलुकला, मग दुसरा, आपापल्या वेळेनं. ऑफिसातून कुणी ओरडलं नाही. मीच मनाई केली होती. थोड्या वेळानं दयानंदराव दारात येऊन हळूच म्हणाले, "अप्पा, आलंय. सांगू का सगळ्यांना?"

ते गेल्यावर मी वायर नीलाबाईंच्या समोर धरली.

"ही कुणी लावली?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "म्याच लावली जी, दाजी. खंडेनवमीला. दोन्ही तोंडं लोंबत व्हती. देवापुढं अशी लोंबती वायर बरी दिसती का? आन शेवटची दोन भोकं मोकळी व्हती. मला वाटलं त्येचीच हायत."

"भोकं दिसली की वायर लावायची?"

"मग काय करायचं? अक्का असती तर इचारलं असतं."

"मला विचारायचं!"

"तुम्ही हुता कुठं?" नीलाबाईंचाही आवाज चढला. "ती वायर आखाडापासून लोंबती हाय. मी दर शनवारी पुसून ठिवायची. अक्काला म्हणलं, ही काढून ठिवू का? तर म्हणाली, र्‍हाऊ द्या, आमचे मालक येतेत रविवारी आन लावतेत."

मी वायर गुंडाळून पिशवीत टाकली. मग विचारलं, "आन टिकल्या?"

त्यांनी भिंतीवरच्या सरस्वतीच्या तसबिरीकडं बोट केलं. काचेवर खालच्या बाजूनं टिकल्या ओळीनं चिकटवल्या होत्या, टेपसकट.

"पुसताना निघाल्या. अहेव गेलेल्या बाईच्या टिकल्या, कचऱ्यात टाकू का? पायाखाली येतेत. म्हणून तिथं लावल्या." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझी नोकरी जाती का आता, दाजी?"

"झाडू मारा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दयानंदरावांना आवक रजिस्टर काढायला लावलं. त्यांनी आधी कुरकुर केली, मग कॉलेजची वेळ संपेल म्हणाले, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. दोन वर्षं मागं गेल्यावर नोंद सापडली. एक बंद पाकीट, कॉम्प्युटर विभाग, प्राचार्यांच्या कपाटात ठेवले. अक्षर दयानंदरावांचं. सही दयानंदरावांची. कपाट उघडलं. जुन्या अहवालांच्या खाली पाकीट होतं. जोडावर अयोध्याची सही आणि वर हळदी-कुंकवाचं बोट, कारण कपाटाचीही पूजा झाली होती.

"हे होय!" दयानंदराव म्हणाले. "मला वाटलं कुणाची तरी पत्रिका हाय."

"दोन वर्षं लग्न राहिलं असतं का हो?"

"तुम्ही आता कुसकटासारखं बोलू नका अप्पा. सापडलं न्हवं?"

मग अहवाल. दयानंदरावांनी त्यांच्या सवयीनं लिहायला घेतला: काही तांत्रिक कारणास्तव. मी कागद ओढून घेतला. तांत्रिक कारण लिहिलं असतं तर ते लातूरला परत तिच्याच नावावर गेलं असतं, कारण तांत्रिक तेवढं तीच बघायची. मी बसून माझ्या हातानं लिहिलं. ग्रंथालयाची वायर ओढण्याचे काम मला जून महिन्यात सांगितले होते. श्रीमती अयोध्या यांनी त्याची जोडवायर वेळेत तयार करून ठेवली होती. मी माझे काम केले नाही. त्यामुळे जोडवायर रॅकमध्ये मोकळी राहिली आणि साफसफाईत तिची दोन्ही टोके एकाच स्विचला लागली. जोडणीत कोणताही दोष नाही. असे होऊ नये म्हणून त्यांनी तीन वेळा चांगला स्विच मागितला होता, अर्ज लातूर कार्यालयात आहेत. पासवर्ड नियमाप्रमाणे बंद पाकिटात दिलेला आहे, नोंद सोबत जोडली आहे. खाली सही केली.

दयानंदरावांनी वाचलं. "साफसफाई कुणी केली ते लिहिलं न्हाई."

"त्याची गरज न्हाई."

"सगळं तुमच्यावरच घेऊन राहिलात. उद्या संस्थेनं तुम्हाला काम दिलं न्हाई तर?"

"खरं हाय ते लिहिलं. पाठवा."

"मॅडमच बऱ्या होत्या," दयानंदराव म्हणाले. "निदान नीट बोलायच्या तरी." आणि त्यांनी शिक्का मारला.

आठ दिवसांनी धम्मप्रियाचा फोन आला, तोही सवयीनं अयोध्याच्या नंबरवर. "काका, नोंद घेतलेली नाही. तुमचा अहवाल फाइलला लागला, कंपनीचा कागद बाजूला ठेवला."

"सेवापुस्तक?"

"कोरं आहे."

"आन स्विच?"

"विचाराधीन." मग ती म्हणाली, "पाकीट उघडलं असेल ना, मग पासवर्ड बदलून घ्या. मॅडम असत्या तर त्याच दिवशी बदलला असता."

बदलायचं कसं ते तिनं प्राचार्यांना पत्रानं कळवलं. ते पत्र आवकला नोंदवलं गेलं. नवा पासवर्ड मात्र दयानंदरावांनी एका चिठ्ठीवर लिहून आपल्या मॉनिटरला चिकटवलेला मला दिसला. वर त्यांच्याच अक्षरात: गोपनीय. मी ती चिठ्ठी फाडली. दुसऱ्या दिवशी दुसरी होती.

टिकल्या मी परत वायरींवर लावल्या. एकेक वायर ओढून, खोलीत माणूस उभा करून, फोनवर विचारत. एक अख्खा रविवार गेला. नीलाबाईंनी काचेवरून एकेक काढून माझ्या हातावर ठेवली. तसबिरीवर टिकल्या अठरा होत्या. वायरी सतरा. अठरावी जांभळी होती. त्या निळ्या जोडवायरीवरची. तिनं ती आधीच लावून ठेवली होती. ती काचेवर तशीच आहे.

निळी वायर सध्या माझ्या पिशवीत असते. पाइप आणून व्हरांड्यात ठेवलेत. बेचाळीस मीटर लागेल, माप घेतलं आहे. ग्रंथपाल दर सोमवारी तिच्या नंबरवर फोन करून विचारतात आणि मी रविवार सांगतो. त्यानंतर तीन रविवार झाले. दोनदा मी ड्रिल घेऊन गेलो आणि तसाच परत आलो.

ग्रंथालयाची वायर ओढायची राहिली आहे.